कॅमेऱ्याची साक्ष

आमचा पुतण्या एका दुपारी आमची स्कूटर घेऊन ठाण्यास गेला आणि दिवेलागणीला परत आला. त्यानंतर चार दिवसांनी आमच्या मोबाइलवर संदेश आला की, अमुक क्रमांकाच्या वाहनाने अमुक दिवशी अमुक वाजता सिग्नल तोडला असून त्याबद्दल दंड भरावयाचा आहे. त्या दिवशी त्या वेळी आम्ही भिवंडीत, आपल्या घरी, वामकुक्षी करीत होतो. पुतण्यास विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, पिवळा होता. मी ओलांडला तेव्हा पिवळाच होता."

"मग लाल कोणी पाहिला?"

"कॅमेऱ्याने."

उत्तर मासलेवाईक खरे. पण त्यावर विचार करू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, या कॅमेऱ्याने नेमके काय पाहिले, काय पाहिले नाही, आणि जे त्याने पाहिले नाही ते सांगण्याचे काम कोणाचे, याविषयी आपण सुशिक्षित म्हणविणारे लोकही फारसे काही जाणत नाही. कोणी संदेश येताच मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो, कोणी तो पुसून टाकतो आणि विसरतो. आमच्या मते दोघेही चुकतात. कॅमेरा हा साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असते, तपासावयाचे असते, आणि ते खरे निघाले तर मान्यही करावयाचे असते.

हा प्रश्न मुंबईकरांचा, आपला नव्हे, असे कोणास वाटेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती सात लाख नऊ हजारांवर होती. परंतु भिवंडीची खरी मोजदाद माणसांपेक्षा चाकांनी करावी. यंत्रमागांना सूत येते ते चाकांवर, आणि कापडाचे तागे जातात तेही चाकांवर. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे सोयीचे, म्हणून आपल्या आसपासच्या गावांत गोदामे उभी राहिली. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे काही गेली नाहीत, उलट वाढली. माणकोली, रांजणोली, अंजूरफाटा येथे घटकाभर उभे राहिले म्हणजे या व्यवहाराची कल्पना येते. यांतील पुष्कळ गाड्या दिवसातून एकदा तरी ठाण्याच्या नाहीतर मुंबईच्या सिग्नलांखालून जातात. तेव्हा आपल्या नाक्यांवर कॅमेरे थोडे की फार, ही गोष्ट गौण होय. मुंबईत कॅमेऱ्यावरून चलान पाठविण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली, आणि २०१९ पासून सबंध राज्यात एकच ई-चलान व्यवस्था आली. त्यामुळे गाडी कोठेही सापडो, संदेश भिवंडीतच वाजतो.

रस्त्यावरचा दिवा कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटसमोर जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे इंजिनियराने पहिला सिग्नल उभारला. तो गॅसवर जळे आणि एक पोलीस शिपाई तो हाताने फिरवी. महिना झाला न झाला तोच, १८६९ च्या २ जानेवारीस, गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तो शिपाईच जखमी झाला. त्यानंतर पुष्कळ वर्षे कोणी या वाटेस गेले नाही. पुढे वीज आली, आणि १९२० साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने लाल व हिरव्याच्या जोडीला पिवळा दिवा बसविला. हा पिवळाच साऱ्या भांडणाचे मूळ आहे. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

कॅमेऱ्याची कथा आणखी गमतीची आहे. मॉरिस गात्सोनिडेस हा हॉलंडचा मोटार शर्यतीतील नामांकित वीर. १९५३ ची माँटे कार्लो शर्यत त्याने जिंकली होती. वळणावर आपला वेग किती राहतो हे मोजून तो वाढविता यावा म्हणून त्याने एक यंत्र बनविले. ते पोलिसांच्या हाती गेले आणि वेग वाढविण्यासाठी जन्मलेले यंत्र वेग रोखू लागले. त्याच्याच कंपनीने १९६५ च्या सुमारास लाल दिव्याचा कॅमेरा आणला. रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या ताणलेल्या असत. दिवा लाल असताना चाकाने नळी दाबली की हवेचा दाब कॅमेऱ्यास कळे आणि फोटो निघे.

आज नळ्या गेल्या, तत्त्व तेच राहिले. काही ठिकाणी रस्त्याच्या पोटात तारेचे वेटोळे पुरलेले असते. वरून लोखंडी गाडी गेली की त्या तारेच्या विद्युत्गुणात फरक पडतो आणि गाडी आल्याचे समजते. इतरत्र कॅमेरा चित्रातच एक काल्पनिक रेघ मारून ठेवतो व ती कोण ओलांडतो यावर डोळा ठेवतो. दोन्ही प्रकारांत सिग्नलची पेटी कॅमेऱ्यास सांगत असते की, आता लाल लागला. चांगल्या व्यवस्थेत निदान दोन छायाचित्रे घेतली जातात. पहिल्यात गाडी थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे आणि दिवा लाल. दुसऱ्यात तीच गाडी रेषेच्या पलीकडे आणि दिवा अजून लाल. दुसरे एकटे असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण हिरव्यावर निघून पुढच्या गर्दीत अडकलेली गाडीही लाल लागल्यावर रेषेपुढेच उभी दिसेल. ज्यांना संदेश येतो त्यांनी प्रथम पाहावयाचे ते हे पहिले छायाचित्र.

त्यानंतर नंबर वाचण्याचे काम. नंबरप्लेट वाचणारे यंत्र १९७६ मध्ये इंग्लंडच्या पोलिसांच्या संशोधन शाखेत तयार झाले. ते चित्रातून अक्षरे वेचते व वाहननोंदणीच्या दप्तराशी ताडून पाहते. चिखलाने माखलेल्या पाटीवर रोमन 'बी' आणि आठाचा आकडा यांत त्याचा घोटाळा होऊ शकतो, जसा तो आपलाही होतो. शिवाय आपल्याकडे पाटीवर कलाकुसर करण्याची हौस दांडगी. २१४ हा आकडा असा वळवावयाचा की 'राम' वाचावे, ८०५५ चा 'बॉस' करावयाचा. हा सारा प्रकार बेकायदा आहे. अक्षरे रोमन व आकडे इंग्रजी वळणाचेच हवेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना विशिष्ट सुरक्षित पाटी सक्तीची झाली, तिच्या हेतूंपैकी एक हाच की, एकाचा नंबर दुसऱ्याने लावून फिरू नये. कारण तसे झाले तर पाप एकाचे आणि संदेश दुसऱ्यास.

आता पिवळ्याकडे वळू. येथे थोडे गणित करावे लागेल, परंतु ते बाजारहिशेबाहून कठीण नाही. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास १० मीटर. पिवळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेलेली असते. मग बेताने ब्रेक लावून दर सेकंदास तीन मीटरने वेग उतरत गेला, तर थांबावयास आणखी सुमारे १७ मीटर लागतात. एकूण २७. म्हणून रेषेपासून २७ मीटरांच्या बाहेर असलेल्याने थांबावे आणि आत असलेल्याने निघून जावे. आतल्यास रेषा गाठावयास जास्तीत जास्त पावणेतीन सेकंद लागतात. पिवळा तीन सेकंदांचा असला तर कोणाचीच अडचण होत नाही.

हे झाले हलक्या मोटारीचे. तोच हिशेब सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या ट्रकास लावून पाहा. तो दर सेकंदास दोन मीटरनेच वेग उतरवू शकतो असे धरा. जोराने दाबावे तर माल पुढे येतो. त्याला थांबावयास १० आणि २५ मिळून ३५ मीटर हवेत. पण तीन सेकंदांच्या पिवळ्यात तो जातो ३० मीटर. म्हणजे पिवळा लागतेवेळी जो ट्रक रेषेपासून ३२ मीटरांवर आहे, त्याला थांबताही येत नाही आणि लालच्या आत पोचताही येत नाही. तो चालक दारू प्यालेला नाही, उर्मट नाही, तरी तो कॅमेऱ्यात सापडणारच. हा पेच १९६० साली गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत गणिताने मांडून दाखविला.

यावर उपाय दोन. पिवळ्याचा काळ वाढविणे हे अधिकाऱ्यांच्या हाती. वेग उतरविणे हे चालकाच्या. तोच ट्रक नाक्याजवळ येताना ताशी २७ किलोमीटरवर आणला, तर त्याला थांबावयास साडेएकवीस मीटर लागतात आणि तीन सेकंदांत तो साडेबावीस मीटर जातो. पेच नाहीसा झाला. आमच्या ओळखीचे एक वयस्क ड्रायव्हर, ज्यांनी हे गणित कधी पाहिले नाही, ते सांगतात की, हिरवा लांबून दिसला की त्यावर भरवसा ठेवू नये, तो आता जाणार असे समजून पाय सैल करावा. शास्त्रज्ञांनी कागदावर जे काढले ते यांनी पायाने शिकून घेतले होते.

पिवळ्यावरूनच एका गृहस्थाने अमेरिकेत मोठा वाद घातला. ऑरेगन राज्यातील बीव्हर्टन गावी २०१३ साली मॅट्स येर्लस्ट्रॉम यांच्या पत्नीस कॅमेऱ्यावरून दंड झाला. येर्लस्ट्रॉम मूळचे स्वीडनचे, शिक्षणाने विद्युत्शास्त्रातले. त्यांनी हिशेब केला तेव्हा दिसले की, वळणाऱ्या गाडीस वेग कमी करावा लागतो, म्हणून तिला सरळ जाणाऱ्या गाडीपेक्षा अधिक वेळाचा पिवळा हवा; जुने सूत्र हे जमेस धरीत नाही. ते हा मुद्दा जेथे तेथे मांडू लागले, तेव्हा राज्याच्या इंजिनियर मंडळाने, परवान्यावाचून इंजिनियरी केली म्हणून, २०१७ साली त्यांनाच ५०० डॉलर दंड केला! ते न्यायालयात गेले. २०१८ च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि २०२० साली वाहतूक इंजिनियरांच्या संस्थेने त्यांचा मुद्दा आपल्या शिफारशींत घेतला. दंड भरून गप्प बसणाऱ्याने हे काम झाले नसते; आणि संदेश पुसून टाकणाऱ्यानेही झाले नसते.

साक्षीदाराने काय पाहिले नाही, तेही पाहिले पाहिजे. आपल्या कल्याण नाक्यावर किंवा वंजारपट्टी नाक्यावर कोंडी झाली की शिपाई हात करतो आणि लाल असताही गाड्या पुढे काढतो. त्या वेळी त्याचा हात मानणे हेच कायद्याचे पालन. अशाच प्रसंगी जेथे कॅमेरा असेल तेथे त्याची नजर रेषेवर असते, शिपायाच्या हातावर नसते. तसेच रुग्णवाहिकेचे. तिला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड सांगितला आहे. आणि वाट देण्यासाठी रेषेपुढे सरकावे तर लाल तोडल्याची नोंद होण्याची भीती. अशा वेळी वाटच द्यावी, वेळ लक्षात ठेवावी, आणि नोंद झाली तर हरकत घ्यावी. मागे रुग्णवाहिका होती हे पुष्कळदा त्याच चित्रात दिसते.

परंतु कॅमेऱ्यास न दिसणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चालक. तो गाडी ओळखतो, माणूस ओळखीत नाही. म्हणून चलान मालकाच्या नावे निघते. शिक्षा मात्र चालवणाऱ्याच्या वर्तनास आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे हे धोकादायक चालविण्याच्या कलमात, म्हणजे १८४ मध्ये घातले. त्यात पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा तडजोडीने मिटवावयाची रक्कम ठरविण्याचा अधिकार कलम २०० ने राज्यास दिलेला आहे, आणि संदेशातील आकडा बहुधा याच तडजोडीचा असतो. यापलीकडे लायसन्सचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांस कळविले की, लाल तोडणाऱ्याचे लायसन्स निदान तीन महिने स्थगित करावे. लायसन्स ज्याच्या हाती सुकाणू त्याचे. मालक कदाचित गाडी चालवीतही नसेल. यासाठी कलम १३३ आहे. पोलिसांनी विचारल्यास, गाडी कोण चालवीत होते, त्याचे नाव, पत्ता व लायसन्स यांची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे.

भिवंडीत हा प्रश्न घरातल्या काका-पुतण्यांपुरता राहत नाही. टेम्पोचा मालक एक, चालविणारा दुसरा, आणि माल तिसऱ्याचा. संदेश येतो मालकास. तो महिनाअखेर पगारातून तेवढे कापून घेतो. पुष्कळ वेळा ड्रायव्हरास छायाचित्र दाखविलेही जात नाही. महिन्याभरापूर्वी कोणत्या नाक्यावर काय घडले हे त्याला आठवणार कसे? आमच्या मते छायाचित्र न दाखविता पगार कापणे हा अन्याय होय. उलट, संदेश आला त्याच दिवशी मालकाने तो ड्रायव्हरास दाखवावा, पहिले व दुसरे चित्र दोघांनी मिळून पाहावे, आणि चूक दिसली तर ड्रायव्हरानेही पिवळ्याचे निमित्त सांगू नये. मात्र ज्या मालकाने दुपारी चारच्या आत माल पोचलाच पाहिजे असे बजावून गाडी पाठविली, त्याने सगळा दंड ड्रायव्हराच्या माथी मारताना थोडा संकोच बाळगावा.

ही कुरकुर केवळ आपल्या गावची नाही. २०२५ च्या जुलैच्या आरंभी राज्यातील मालवाहतूकदारांनी संप पुकारला, त्यात ई-चलान हे मुख्य गाऱ्हाणे होते. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेशही त्याच वर्षी निघाला. गाऱ्हाण्यांत तथ्य आहे. पण म्हणून कॅमेरेच नकोत असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००५ साली सात ठिकाणच्या १३२ नाक्यांचा अभ्यास केला. त्यात कॅमेऱ्यांमुळे काटकोनातील धडका, ज्या अधिक प्राणघातक असतात, सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. मागून आदळण्याचे प्रकार मात्र शेकडा १५ ने वाढले, कारण लोक दचकून ब्रेक लावू लागले. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. लाल दिव्याचा वाटा त्या मानाने पुष्कळ लहान. तरीही शाळेतून सुटलेली पोरे ज्या हिरव्या माणसाच्या चित्राकडे पाहून रस्त्यात उतरतात, तो हिरवा माणूस आपल्या लाल दिव्याच्या भरवशावरच पेटलेला असतो.

तपासावयाचे ते काय, हे २०२१ च्या ऑगस्टात केंद्राने केलेल्या १६७-अ या नियमात आहे. चलानासोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखविणारे छायाचित्र हवे. तारीख, वेळ, ठिकाण हवे. कोणते कलम मोडले ते हवे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. कॅमेऱ्यास राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे व ते दरवर्षी नवे करावे. पुढे कॅमेरे आहेत असा फलक रस्त्यावर ठळकपणे लावावा. आणि सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी. मुदतींत पुढे फेरफार होत असतात, म्हणून आपल्या चलानावर जे छापले असेल ते वाचावे. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की चलान व चित्र दिसते, आणि तक्रार नोंदविण्याची सोयही तेथेच आहे. तक्रार मानली गेली नाही तर न्यायालयाची वाट मोकळी आहे. पैसे भरले म्हणजे आपण तडजोड केली, हे ध्यानात ठेवून मगच भरावे.

एक सावधगिरी येथेच सांगून टाकतो. दंडाच्या नावाखाली बनावट संदेश पाठवून पैसे लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. व्हॉट्सॲपवर 'चलान' म्हणून एखादी फाइल येते, तिच्या नावाशेवटी 'एपीके' असते. ती उघडली की मोबाइल त्यांच्या ताब्यात. खरे संकेतस्थळ 'गव्ह डॉट इन' ने संपते, आणि खऱ्या चलानास कोणतीही फाइल बसवावी लागत नाही. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता आपण होऊन संकेतस्थळावर जावे.

आम्हीही तसेच गेलो, पुतण्यास शेजारी बसवून. दोन छायाचित्रे होती. पहिल्यात दिवा लाल, आणि आमची स्कूटर रेषेच्या अलीकडे हातभर. दुसऱ्यात ती झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे. पुतण्या बराच वेळ पाहत राहिला. मग पहिल्या चित्राच्या डाव्या कडेस एक मोठा कंटेनर उभा होता त्याकडे बोट करून म्हणाला, "काका, याच्या आडून दिवा दिसत नव्हता. याच्या मागून निघालो तेव्हा पिवळा पाहिला होता." ते खरे असेल. पण कंटेनर थांबलेला होता, आणि तो कशासाठी थांबला हे त्याने विचारात घेतले नव्हते, असे आम्ही त्याला म्हणालो. तक्रार नोंदविली नाही. दंड त्याच बैठकीत भरला, आणि पावती पुतण्याच्या मोबाइलवर पाठविली.